फक्कीची रेघ

(धाराशिव येथे क्रीडाशिक्षक, पालक आणि खेळाडू मुलींपुढे एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

नमस्कार. पुढच्या रांगांत माझे सहकारी शिक्षक आहेत, मागे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली बसल्या आहेत आणि भिंतीकडेला त्यांच्या आया. विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठांनी मला विचारलं, "बाई, मुलींच्या स्पर्धेत ट्रान्सजेंडर खेळाडू असावेत की नसावेत, हे भांडण अमेरिकेतलं. धाराशिवात ते कशाला आणायचं?" ते इथं आलेलंच आहे. कसं, ते सांगते.

मी शाळेत खो-खो शिकवला, धावणं शिकवलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर फक्की मारायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचं. रेघ वाकडी गेली की दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. चौदा वर्षांखालच्या गटात कुणी मिसरूड फुटलेला पोरगा उतरवला, तर आपण लगेच जन्मदाखला मागतो. बरोबरच करतो. वयाचा गट आहे म्हणून लहानाला खेळता येतं, वजनाचा गट आहे म्हणून किरकोळ अंगाच्या पोराला कबड्डीत उभं राहता येतं. मुलींचा गटही तसाच आहे. ही मुलींवर केलेली मेहरबानी नाही. ही रेघ नसती, तर खो-खोपटू सारिका काळे या धाराशिवच्या लेकीला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला नसता, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात मुलींचा भारतीय संघच नसता.

पाचवी-सहावीतल्या पोरी पोरांना सहज मागे टाकतात, हे मी वर्षानुवर्षं बघितलं. मग नववी उजाडते आणि चित्र पालटतं. मुलगा वयात येतो तसं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, हाडं लांब आणि जाड होतात, स्नायू भरतात, छाती रुंदावते, रक्तातलं हिमोग्लोबिन चढतं. शंभर मीटरचा पुरुषांचा विक्रम उसेन बोल्टचा, ९.५८ सेकंदांचा, बायकांचा फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा, १०.४९. दोघांना एकाच रेघेवरून सोडलं असं समजा. बोल्ट पोचेल तेव्हा ग्रिफिथ-जॉयनर जवळजवळ नऊ मीटर मागे असेल. आणि ती जगातली सगळ्यात वेगवान बाई. भरतीतल्या पोरींना हे वेगळं सांगायला नको. तुम्हाला ८०० मीटर, पोरांना १६००. तुमचा गोळा चार किलोचा, त्यांचा ७.२६० किलोचा.

आता मुलगा म्हणून वयात आलेली आणि नंतर बाई म्हणून जगू लागलेली व्यक्ती घ्या. औषधोपचाराने हार्मोन उतरतात, हिमोग्लोबिन काही महिन्यांत बायकांच्या पातळीवर येतं. पण उंची उतरत नाही, हाडं आखूड होत नाहीत, स्नायूंची ताकदही वर्षभरात फार कमी घटते. म्हणून जागतिक जलतरण महासंघाने जून २०२२ मध्ये आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये ठरवलं, की पुरुषाचं तारुण्य अंगावरून गेलेल्यांना महिला गटात उतरता येणार नाही. मला हा नियम पटतो. समोर तृतीयपंथी मंडळी बसली असती तरी मी हेच म्हटलं असतं. अशा खेळाडू मोजक्याच असतात, हे खरं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडची ट्रान्सजेंडर खेळाडू लॉरेल हबर्ड वजन उचलायला उतरली आणि तिची तिन्ही उचलणी फसली, हेही खरं. पण अंतिम फेरीत आठच जणी धावतात. नववी घरी बसते, तिच्यासाठी "मोजक्याच" हा शब्द काही कामाचा नाही.

पण रेघ मारली की ती राखणार कोण, हा खरा प्रश्न आहे, आणि माझी झोप त्यानेच उडते.

शांती सौंदरराजन तमिळनाडूची. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. डिसेंबर २००६ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरचं रौप्य घेतलं, आणि लगेच लिंगचाचणीत नापास ठरवून ते काढून घेतलं. ती ट्रान्सजेंडर नव्हती. जन्मल्यापासून मुलगी म्हणून वाढलेली, शरीराची ठेवण थोडी वेगळी. सगळ्या देशासमोर तिचे धिंडवडे निघाले. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला, अंगात टेस्टोस्टेरॉन जास्त आहे या नियमावर बोट ठेवून, २०१४ मध्ये राष्ट्रकुलच्या संघातून ऐनवेळी वगळलं. ती लढली, आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो नियमच स्थगित केला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला अल्जेरियाची बॉक्सर इमान खलिफच्या बाबतीत काय झालं ते तुम्ही मोबाइलवर पाहिलंत. तीही ट्रान्सजेंडर नव्हती, मुलगी म्हणूनच वाढली होती. तरी लोक तिला बाप्या म्हणत राहिले.

आमच्याकडेही एक मुलगी होती. नाव घेणार नाही. घर ऊसतोडीचं, दिवाळीनंतर सहा महिने फडात, डोक्यावर मोळ्या. दंड दणकट, आवाज घोगरा, उवा होतात म्हणून आईने केस बारीक कापलेले. एका स्पर्धेत ४०० मीटरमध्ये ती पहिली आली आणि दुसऱ्या संघाच्या शिक्षकांनी आक्षेप घेतला, हा पोरगा आहे. संयोजकांनी दोन बायकांना सांगितलं, खोलीत नेऊन बघून घ्या. मी दाराबाहेर उभी होते. मी दार अडवायला हवं होतं. अडवलं नाही. पाच मिनिटांनी दार उघडलं, "मुलगीच आहे" म्हणाले आणि पदक दिलं. ते पदक तिने घेतलं नाही. आई शाळेत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "बाई, माझ्या लेकराच्या अंगाला हात कुणी लावला?" पुढच्या हंगामात ती धावायला आली नाही.

जागतिक ॲथलेटिक्सने १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धांच्या महिला गटासाठी आयुष्यात एकदा, पुरुषाचं जनुक आहे का हे बघणारी जनुकीय चाचणी सक्तीची केली आहे. गालाच्या आतून किंवा रक्तातून नमुना घेतात. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये अशाच चाचणीत ३,३८७ पैकी आठ जणी अडकल्या होत्या आणि शेवटी आठही जणींना खेळू दिलं होतं. वरच्या पातळीवर चाचणी करायची तर डॉक्टरांनी करावी, गुपचूप करावी, स्पर्धेच्या आधी करावी आणि मुलीला समजावून करावी. तालुक्याच्या मैदानावर मात्र कुणी नमुना घेत नाही. तिथं केस बघतात, छाती बघतात. शालेय स्पर्धेत दाखल्यावर मुलगी लिहिलं आहे तर ती मुलगी. संशयावरून आक्षेप घेणाऱ्या शिक्षकाचा अर्जच घेऊ नका, ही माझी इथल्या क्रीडा अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे.

शेवटी एक सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुनावल्यावर राज्य सरकारला पोलीस भरती तृतीयपंथीयांसाठी खुली करावी लागली. त्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी, आता ती बाई म्हणून राहते, पहाटे मैदानावर आली. भरतीचा सराव करायचा म्हणाली. दोन पोरींनी तोंड फिरवलं. एकीने विचारलं, "बाई, ही आमच्या जागा खाणार का?" प्रश्न रास्त होता. मी तेव्हा म्हटलं, तिच्या चाचणीचे निकष सरकारने ठरवायचे आहेत, त्यावर तू जरूर बोल. पण पहाटेचं मैदान कुणाच्या मालकीचं नाही, आणि भरती म्हणजे पदक नव्हे, भाकरी आहे.

ती अजून येते. साडेपाचला, सगळ्यांच्या आधी. परवा गोळाफेकीचं वर्तुळ पुसलं होतं, तर फक्कीची पाटी घेऊन तीच आखत बसली होती, आणि ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती दोरीचं दुसरं टोक धरून उभी होती.