नावं संपेपर्यंत उठू नका

नमस्कार श्रोतेहो.

मार्व्हल या अमेरिकी चित्रकथा कंपनीचा सिनेमा संपला की थेटरात एक गंमत दिसते. पडद्यावर नावं सरकायला लागतात, दिवे लागतात, सफाईवाले झाडू घेऊन दाराशी येतात आणि निम्मे प्रेक्षक जागचे हलत नाहीत. आपल्याकडे ही साधी गोष्ट नाही. नायक-नायिकेची मिठी पुरी व्हायच्या आत पार्किंग गाठणारी आपण माणसं! आपल्याला खुर्चीत बसवून कॅमेऱ्याच्या मदतनिसांची आणि हिशेबनिसांची नावं वाचायला लावायची, हे या कंपनीनं करून दाखवलंय. कारण नावं संपली की आणखी एक छोटा प्रसंग येतो आणि त्यात पुढच्या सिनेमाची चाहूल असते.

ही सवय लागली २००८ साली. 'आयर्न मॅन'च्या शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅनच, घरी येतो, तर अंधारात डोळ्यावर काळी पट्टी लावलेला एक माणूस उभा असतो. निक फ्युरी. महानायक काय तो तू एकटाच नाहीस, असं तो टोनीला सुनावतो, 'अ‍ॅव्हेंजर्स' या महानायकांच्या चमूचा विषय काढतो आणि तिथंच पडदा काळा होतो. मिनिटभराचा मामला. आधीच्या खास खेळांना दाखवलेल्या प्रतींमधून हा प्रसंग मुद्दाम कापलेला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी तिकीट काढून गेलेल्यांनाच तो प्रथम दिसला. फ्युरीचं काम केलं सॅम्युएल जॅक्सनने. त्याआधी सहा वर्षं चित्रकथेतला नवा फ्युरी याच नटाच्या चेहऱ्यावरून रेखाटला गेला होता. म्हणजे चित्रातला माणूस पडद्यावर यायचा तेव्हा नट शोधायची गरजच उरली नव्हती.

आज या एका मिनिटाचं झाड किती पसरलंय ते बघा. तीन डझनांच्या आसपास सिनेमे, शिवाय मालिका, लघुपट, खास भाग. पण हा विस्तार कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी नकाशा काढून आखला होता, असं समजू नका. सुरुवातीला मुख्यतः होती ती अडचण.

मार्व्हलने १९९६ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्या काळात, थोडं आधी, थोडं नंतर, त्यांच्या उत्तमोत्तम पात्रांचे सिनेमाचे हक्क बाहेर गेले. स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फॅन्टॅस्टिक फोर फॉक्सकडे. सिनेमे चालत होते, पण नफ्याचा मोठा वाटा दुसऱ्यांच्या खिशात जात होता. मग २००५ मध्ये मार्व्हलने स्वतः सिनेमे काढायचं ठरवलं आणि ५२ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज उभं केलं. तारण काय, तर घरात उरलेल्या दहा पात्रांचे सिनेमा-हक्क. सिनेमे पडले असते तर पात्रंही गेली असती. आणि उरलेली पात्रं कोण? कॅप्टन अमेरिका, डॉक्टर स्ट्रेंज वगैरे. चित्रकथा न वाचणाऱ्या जगात ज्यांची नावं फार कुणाला ठाऊक नव्हती अशी मंडळी. नावाच्या बाबतीत आयर्न मॅनही त्याच पंगतीतला. त्यात भूमिकेसाठी निवडला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, ज्याच्या व्यसनांच्या आणि तुरुंगवासाच्या बातम्या लोक विसरले नव्हते.

माझ्या मते इथेच या जोडाजोडीचं खरं मूळ आहे. एकेका पात्राच्या नावावर थेटर भरेल अशी खात्री नव्हती, म्हणून ती एकमेकांच्या आधाराने उभी केली. एका सिनेमात दुसऱ्याचा उल्लेख, दुसऱ्याच्या शेवटी तिसऱ्याचा हातोडा. खरोखरच हातोडा! २०१० च्या 'आयर्न मॅन २'मध्ये नावं संपल्यावर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एक खड्डा दिसतो आणि खड्ड्यात थॉर या नायकाचा हातोडा. थॉरचा स्वतःचा सिनेमा यायला तेव्हा वर्ष बाकी होतं. २०१२ मध्ये सगळे एकत्र आले आणि त्या 'अ‍ॅव्हेंजर्स'ने जगभरात दीडशे कोटी डॉलरचा गल्ला केला. त्याच्या तीन वर्षं आधीच डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून अख्खी मार्व्हल विकत घेतली होती.

आपल्या वाहिन्यांवर दोन मालिकांचा 'महासंगम' असतो ना? या मालिकेतली सून त्या मालिकेतल्या लग्नाला जाते, तिथल्या खलनायिकेला दोन शब्द सुनावते आणि आठवडाभराने सगळे आपापल्या घरी. मार्व्हलने केलं ते तसंच, पण पाहुणे परत गेले नाहीत. लग्नात जे घडलं त्याचे परिणाम पुढे प्रत्येकाच्या घरात दिसायला लागले. सगळे एकत्र आलेल्या त्या सिनेमात न्यूयॉर्कवर झालेल्या हल्ल्यातून टोनी स्टार्क वाचतो खरा, पण पुढच्या सिनेमात त्याला झोप लागत नाही, छातीत धडधडतं. ही गोष्ट मला आवडते. मारामारीची किंमत कुणीतरी मोजतोय, हे मसालापटात क्वचित दिसतं.

हे जग कुठवर पसरणार हे लेखक ठरवतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा वकील ठरवतात. हल्कचा स्वतंत्र सिनेमा २००८ नंतर आला नाही. त्याचं कारण कथेत सापडणार नाही, वितरणाचे हक्क युनिव्हर्सलकडे होते त्यात सापडेल. स्पायडर-मॅन या कुटुंबात आला तो २०१५ च्या सोनीबरोबरच्या करारामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये तो करार फिसकटला, चाहत्यांनी आकांडतांडव केलं, महिनाभरात पुन्हा तडजोड झाली. फॉक्सकडे असलेले वुल्व्हरीन आणि डेडपूल आत आले, कारण डिस्नेने त्याच वर्षी फॉक्सचा मोठा भाग ७१ अब्ज डॉलरला घेतला. केविन फायगी हे निर्माते गेली इतकी वर्षं या सगळ्याची मोट बांधताहेत. कथेचं श्रेय त्यांना द्यायचं तेवढं द्याच, पण हे सांभाळणं मला जास्त अवघड वाटतं.

आता छोट्या पडद्याकडे येऊ. २०१३ साली एबीसी वाहिनीवर 'एजंट्स ऑफ शील्ड' सुरू झाली. तिचा नायक कोल्सन. हा कोल्सन 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये मेला होता, त्याच्या मरणामुळेच ते नायक एकजुटीने लढायला उभे राहिले होते. मालिकेने त्याला जिवंत केलं. पुढे एप्रिल २०१४ मध्ये कॅप्टन अमेरिकाचा दुसरा सिनेमा आला, त्यात शील्ड ही गुप्तहेर संस्था आतून हायड्रा या शत्रू संघटनेने पोखरलेली निघाली आणि कोसळली. चार दिवसांनी टीव्हीवर जो भाग आला त्याला त्याच धक्क्याने वळण घ्यावं लागलं. मालिकेचं नाव ज्या संस्थेवर, ती संस्थाच सिनेमावाल्यांनी उडवून दिली! विचार करा, त्या लेखकांनी आधीचे महिने कसे काढले असतील. भाग लांबवायचे, पण गुपित फोडायचं नाही. आणि याची परतफेड? शून्य. मालिका सात सीझन चालली, पण कोल्सन जिवंत आहे हे वर्तमानकाळातल्या अ‍ॅव्हेंजर्सना एकाही सिनेमात कळलं नाही. मालिकेने सिनेमाचं ऐकायचं, सिनेमाने मालिकेकडे ढुंकून बघायचं नाही, असा सासुरवास. त्याचंही कारण कंपनीच्या आतलं होतं. टीव्हीचा विभाग वेगळा होता, सिनेमाचा वेगळा.

प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र तो सासुरवास सोयीचा होता, हे मला नंतर पटलं. मालिका पाहिली तर उत्तम, नाही पाहिली तरी सिनेमा कळायला अडत नव्हतं.

२०२१ च्या जानेवारीत 'वांडाव्हिजन' आली आणि हे गणित बदललं. आता मालिका फायगींच्याच हाताखाली, डिस्नेच्या स्वतःच्या ओटीटीसाठी. मालिका म्हणून ती धीटच होती. जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांचं एकेक दशक एकेका भागात उभं करायचं आणि त्या हशाखाली वांडा नावाच्या एका बाईचं दुःख दाबून ठेवायचं. पण पुढच्या वर्षी डॉक्टर स्ट्रेंजचा दुसरा सिनेमा आला, त्यात हीच वांडा आपल्या मुलांसाठी जग जाळायला निघते. कुठली मुलं? मालिकेतली. ती न पाहता आलेला माणूस शेजारच्याला कोपर मारून विचारणारच.

२०१९ पर्यंतचे २३ सिनेमे मिळून सुमारे ५० तासांचे होते आणि ते ११ वर्षांत पसरलेले होते. २०२१ आणि २०२२ या दोनच वर्षांत सात सिनेमे, आठ मालिका आणि दोन खास भाग आले. जवळजवळ तेवढेच तास. नोकरी सांभाळून कुणी बघायचं? २०२३ चा 'द मार्व्हल्स' नीट समजायचा तर एक सिनेमा आणि दोन मालिका आधी बघितलेल्या हव्यात. लोकांनी सरळ पाठ फिरवली. मार्व्हलच्या या जोडलेल्या सिनेमांमधली सगळ्यात कमी कमाई त्याच्या वाट्याला आली. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही नंतर कबूल केलं की माल जास्त झाला होता, आणि वर्षाला दोनेक मालिका, दोन-तीन सिनेमे एवढ्यावर येण्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये तर सिनेमा एकच आला, डेडपूल आणि वुल्व्हरीनचा, आणि तो तुफान चालला.

आपल्या बाजूने या सगळ्यात दोन-तीन धागे आहेत. २०१९ मध्ये 'एंडगेम' लागला तेव्हा मुंबईत काही मल्टिप्लेक्सनी रात्रभर खेळ ठेवले होते. तीन तासांचा सिनेमा पहाटे पहाटे बघायला पोरं गेली. तो इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूत आला, मराठीत नाही. निमशहरांतल्या कितीतरी पोरांचा आयर्न मॅन हिंदीच बोलतो, राजेश खट्टर यांच्या आवाजात. 'इटर्नल्स'मध्ये आपले हरीश पटेल चांगले लक्षात राहतात. आणि ती सरकणारी नावं कधी नीट वाचा. २०१८ आणि २०१९ च्या अ‍ॅव्हेंजर्सपटांच्या दृश्यपरिणामांवर काम करणाऱ्या कंपन्यांत डीनेग होती, तिचा मोठा स्टुडिओ मुंबईत आहे.

राहिला नेहमीचा प्रश्न. सुरुवात कुठून करायची? इंटरनेटवर कथेच्या काळाप्रमाणे लावलेल्या याद्या फिरतात, म्हणजे आधी दुसऱ्या महायुद्धातला कॅप्टन अमेरिका, मग १९९५ मधली कॅप्टन मार्व्हल. त्या फंदात पडू नका. जे ज्या क्रमाने थेटरात आलं त्याच क्रमाने बघा, नाहीतर कोण कधी आणि का दचकतंय हेच कळणार नाही. एवढा वेळ नसेल तर पहिला 'आयर्न मॅन', कॅप्टन अमेरिकाचा दुसरा आणि 'ब्लॅक पँथर', एवढे तीन पुरेत.

आणि मालिका एकच बघायची असेल, तर २०१५ च्या 'डेअरडेव्हिल'चा पहिला सीझन. दुसऱ्या भागाच्या शेवटी एका अरुंद बोळकांडीतली मारामारी आहे, मध्ये कुठे तुकडा पाडलाय असं दिसतच नाही. कॅमेरा हळूहळू मागेपुढे सरकतो, माणसं दारांतून आत-बाहेर फेकली जातात आणि आंधळा नायक मधूनच भिंतीला टेकून धापा टाकतो. एका पळवून नेलेल्या पोराला सोडवायचंय, एवढीच भानगड. त्यासाठी मागचा एकही सिनेमा बघितलेला नसला तरी चालतो.

नमस्कार.