नाताळाचं कार्ड आणि बाबांचं भिंग

श्रोते हो, नमस्कार. नाताळ दोन दिवसांवर आलाय. आज बोलायचंय एका कार्डाबद्दल, आणि ते कार्ड आत्ता माझ्या हातात आहे.

आहे तळहाताएवढंच. बर्फातलं चर्च, खिडकीत पिवळा उजेड आणि कुंपणावर लाल छातीचा चिमुकला रॉबिन पक्षी. बोट फिरवलं की त्याची छाती बोटाला लागते, कारण कागद मागून ठशानं उचललेला आहे. आमच्या शेजारी मिशनच्या शाळेतल्या एक बाई राहायच्या. त्यांच्या आजोळी जपलेलं हे कार्ड त्यांनी माझ्या बाबांना दिलं, कारण बाबा चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगानं भरून चादरीची डिझाइनं काढायचे. बाबांनी धागे मोजायचं भिंग त्यावर धरलं, बराच वेळ बघत राहिले आणि मला हाक मारली, "इकडं ये, बघ. हा माणूसपण आपल्यासारखाच ठिपके भरत बसलाय."

खरंच, ती लाल छाती म्हणजे नुसते ठिपके होते. गुलाबी, नारिंगी, लाल, तपकिरी. अशी रंगीत चित्रं तेव्हा शिळाप्रेसवर छापत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, तेलकट जागा शाई धरते. आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड! अमेरिकेत बोस्टनचे लुई प्रँग 1870च्या दशकात नाताळाची कार्डं छापू लागले, तेव्हा एकेका चित्राला कितीतरी दगड लागत. तोच कागद पुन्हा पुन्हा नव्या दगडावर जायचा आणि केसभर जरी सरकला, तरी रंग रेषेबाहेर. मागावर नक्षी विणणाऱ्या जेकार्डचं एक भोकांचं कार्ड चुकलं की चादरीवरच्या मोराची मान कशी तुटते, हे सोलापूरकरांना मी काय सांगावं?

या कार्डांची सुरुवात लंडनची, 1843 सालची. हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात इतकी पत्रं येत, की उत्तरं लिहिणं होईना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि सुमारे 1000 प्रती छापून हातानं रंगवून घेतल्या. किंमत एक शिलिंग. मधोमध पेले उंचावणारं कुटुंब. त्यात लहान मुलाच्या ओठालाही वाइनचा पेला लागलेला, त्यावरून दारूबंदीवाले चिडले. मला मात्र कडेची दोन चित्रं जास्त मोलाची वाटतात. एका बाजूला भुकेल्याला जेवण, दुसऱ्या बाजूला उघड्याला वस्त्र. सण कुणाचाही असो, त्याचा जीव तिथंच असतो.

एक शिलिंग गरिबाच्या आवाक्यातला नव्हता. पुढे टपालाचं कार्ड आलं. 1869 साली ऑस्ट्रिया-हंगेरीत, 1870 साली ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीला आणि 1 जुलै 1879पासून आपल्याकडे पाव आण्याला. आधी मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. ब्रिटनमध्ये 1902 साली मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी मिळाली आणि पुढची सगळी जागा चित्रकाराची झाली. रॉबिन कार्डावर का, याची एक गोड हकिकत सांगतात. तिथल्या पोस्टमनचे कोट लाल असत, म्हणून लोक त्यांनाच रॉबिन म्हणत. पत्र आणणारा तो पोस्टमन चित्रात पक्षी होऊन बसला.

ही कला आपल्यालाही परकी नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे, दगड तसेच. घराघरातल्या भिंतींवरची लक्ष्मी आणि सरस्वती अशीच एकेका रंगानं उमटली. हे उमगलं तेव्हा बाबांनी देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीवरही भिंग धरलं होतं!

आता हे कार्ड उलटून बघते. उजवीकडे पत्ता, बराचसा पुसलेला. डावीकडे बोरूसारख्या जाड अक्षरात मराठीत चार ओळी आहेत, त्या तुम्हाला वाचून दाखवते. "सर्वांस नाताळाचा सलाम. गाडीस उशीर झाला, पण सुखरूप पोहोचलो. करंजी एकही फुटली नाही. धाकटीला पाखरू दाखवावे."