जॉबशीटवर काय लिहिलंय?

नमस्कार श्रोतेहो.

नवा मोबाइल आठवडाभरात तापायला लागला, किंवा बोलता बोलता बंद पडायला लागला, की आपण आधी दुकान गाठतो. दुकान बुधवार पेठेतलं असो, पिंपरीतलं असो की हडपसरचं, काउंटरवरचं उत्तर बहुधा एकच असतं : "आमचं काम विकण्यापुरतं. तुम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." हे उत्तर अर्धंच खरं आहे. दुरुस्ती सर्व्हिस सेंटर करतं, हे बरोबर. पण पैसे दुकानदाराने घेतले, बिल त्याने दिलं, म्हणून सदोष मालाची जबाबदारी त्याच्यावरही येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, लागू झाला जुलै २०२०मध्ये. त्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं स्पष्ट शब्दांत आलं आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर ३० दिवसांत. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी ओळ बिलाच्या तळाशी असली, तरी माल सदोष असेल तर तिने तुमचा हक्क जात नाही. मात्र फोनचा रंग आवडला नाही किंवा दुसरीकडे दोन हजारांनी स्वस्त मिळाला, म्हणून परत करण्याचा हक्क हा कायदा देत नाही. तिथे दुकानाची मर्जी.

बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात. त्या पुण्यात अजूनही "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" हे ऐकून लोक साध्या चिठ्ठीवर वीस-पंचवीस हजारांचा फोन घेऊन घरी येतात, याचं फार वाईट वाटतं. बिल पक्कं घ्या, त्यावर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख पटवणारा क्रमांक, आहे का ते तिथेच पाहा. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की हा १५ आकडी क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला सहसा दोन क्रमांक असतात. आणि खोकं टाकू नका. कंपनीचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता त्याच्यावर छापलेला असतो, पुढे नोटीस पाठवायला तो लागतो.

आता मुख्य गोष्ट, जॉबशीट. सर्व्हिस सेंटरमध्ये फोन जमा करताना मिळणारा हा कागद आपण घडी करून खिशात टाकतो. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं, तर दोष सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो, आणि कंपनीच्याच माणसाने लिहिलेल्या या कागदाइतका भक्कम पुरावा सहसा दुसरा नसतो.

काउंटरवरचा मुलगा घाईत 'हँग होतो' किंवा 'चेकिंग' एवढंच टाइप करतो. तिथे थांबवा. तुमच्या शब्दांत लिहून घ्या : 'चार्जिंगला लावल्यावर दहा मिनिटांत तापतो, ४० टक्के बॅटरी असताना बंद पडतो, दिवसातून तीन-चार वेळा.' दोन्ही आयएमईआय, जमा केल्याची तारीख आणि वेळ हवी. फोनची बाहेरची स्थितीही हवी : काच शाबूत, कोपरे चेपलेले नाहीत, पाण्याची खूण नाही. हे शेवटचं का, ते सांगतो. फोन जमा करून दोन दिवस झाले की एक फोन येऊ शकतो : "आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही." बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक बारीक पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. जमा करण्याआधी टॉर्च लावून ती पाहा आणि काउंटरवरच फोटो काढून ठेवा. नंतर पाण्याचं कारण सांगितलंच, तर उघडलेल्या बोर्डाचे फोटो आणि नकाराचं कारण लेखी मागा. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका.

सेंटरला जाण्याआधी दुसऱ्या मोबाइलवर दोषाचा व्हिडिओ काढा. फोन कधी बंद पडेल आणि कधी नाही, याचा नेम नसतो, नेमका काउंटरवर तो नीट चालतो. डेटाचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. बँकेची अ‍ॅप्स उघडी ठेवून फोन परक्याच्या हातात देऊ नका.

परत घेताना पुन्हा वाचा. 'सॉफ्टवेअर अपडेट केलं' आणि 'मदरबोर्ड बदलला' यांत फार फरक आहे. बोर्ड बदलला की आयएमईआय बदलू शकतो. नवा क्रमांक जॉबशीटवर लेखी आला नाही, तर बिलावरचा फोन वेगळा आणि हातातला वेगळा, असं होतं आणि पुढच्या वेळी वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. 'दोष आढळला नाही' असा शेरा असेल, तर तिथेच दहा-पंधरा मिनिटं फोन चार्जिंगला लावून तपासा. दोष दिसला तर सहीशेजारी 'दोष कायम आहे' असं लिहा. काही कंपन्या ओटीपी घेऊन काम पूर्ण झाल्याची नोंद करतात. तपासून होईपर्यंत तो सांगू नका.

तीनदा दुरुस्ती झाली की फोन बदलून मिळतो, असा एक समज आहे. कायद्यात असा आकडा नाही. पण एकाच दोषाच्या तीन जॉबशीट एकत्र ठेवल्या, तर दोष मुळातला आहे हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. पहिल्या काही दिवसांत बंद पडलेला फोन बदलून देण्याचं काही कंपन्यांचं स्वतःचं धोरण असतं, दिवस मात्र कंपनीगणिक वेगळे. त्यासाठी फोन सदोष असल्याचं सर्व्हिस सेंटरचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून पहिल्याच भेटीत ते मागा.

ऑनलाइन घेतलेल्या फोनला २०२०चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. अ‍ॅपवरची सात दिवसांची परतीची खिडकी बंद झाली, म्हणून कायद्याचा हक्क संपत नाही. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मात्र सलग काढा, लेबलपासून फोन सुरू होईपर्यंत.

फोन हप्त्यावर असेल तर रागाने हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार वित्त कंपनीशी वेगळा असतो. फोन कपाटात पडून राहील आणि क्रेडिट स्कोअर तुमचा घसरेल.

दाद मिळत नसेल तर दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दोष, तारखा, जॉबशीट क्रमांक, मागणी आणि १५ दिवसांची मुदत, एवढं एका पानात बसतं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, आदेश देत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ईमेल पाठवत राहिल्याने ती थांबत नाही.

तुम्ही पुण्यात राहत किंवा नोकरी करत असाल, तर कंपनी गुरुग्रामची असली तरी तक्रार पुण्यात दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते. दुकानदार, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही जाबदेणार, म्हणजे तक्रारीतले विरुद्ध पक्ष, करा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. फोनवर पोट असलेला रिक्षाचालक किंवा पार्सल पोचवणारा मुलगाही ग्राहकच आहे. स्वतःच्या चरितार्थासाठीचा वापर कायदा व्यापारी धरत नाही.

आयोग दोष काढून द्यायला, फोन बदलून द्यायला, किंमत व्याजासह परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. प्रयोगशाळेत तपासणी लागली नाही, तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ जातो, तारखांची तयारी ठेवा. आदेशानंतरही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते, ती निकालानंतर लगेच मागून ठेवा.

नमस्कार.