नरक्या, जेल आणि कॅन्सरचं औषध

नमस्कार मंडळी. बीएस्सी, बी फार्मची पोरंपोरी जास्त दिसताहेत, म्हणून थेट मुद्द्यावरच येतो. गगनबावडा, राधानगरीकडं नरक्या नावाचं झाड आहे, तिकडच्यांना माहिती असणारच, आणि ते चोरून तोडल्याच्या बातम्याही अधनंमधनं येतात. तोडतात कारण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापासनं कॅन्सरची औषधं बनतात. झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीतही ते सापडलंय, पण ती बुरशी लॅबमध्ये वाढवत नेली की ते बनवायचं कमी करत जाते, नाहीतर झाडावर कुऱ्हाड घालायची वेळच आली नसती.

हा रेणू पहिल्यांदा सापडला एका चिनी झाडात. अमेरिकेतल्या मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या टीमनं तो 1966 साली जाहीर केला. वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारचे, बरं का! त्यांच्याकडं साधन काय होतं, तर उंदीर. झाडाचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमिया झालेल्या उंदरांना द्यायचा, कुठल्या भागानं उंदीर जास्त जगतात ते बघायचं आणि मग त्याच भागाचे परत भाग पाडायचे, असं करत करत शुद्ध रेणूपर्यंत पोचायचं. केवढी चिकाटी! पण यातून एक गोष्ट कळत नव्हती, औषध पेशीत जाऊन नेमकं करतं काय. पुढं माणसांवर ट्रायल झाल्या. औषध पाण्यात विरघळेना म्हणून सोडियम सॉल्ट करून दिलं, त्याचा मूत्राशयाला फार त्रास व्हायला लागला, आणि 1970 च्या दशकात ट्रायल थांबल्या.

मग 1985 साली कोडं सुटलं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. डीएनएला दाव्यासारखा पीळ असतो. टोपोआयसोमरेज 1 नावाचं एन्झाईम त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं, परत जोडतं. हे लॅबमध्ये चक्क बघता येतं. अगारोजचं, म्हणजे समुद्री शेवाळापासनं मिळणाऱ्या पावडरीचं, जेल ओतायचं, कंगव्यानं पडलेल्या खाचेत निळा डाय घातलेला डीएनएचा थेंब हळूच सोडायचा, करंट चालू करायचा. पीळदार प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं गोल कडं, पुढं पळतो, सैल झालेला मागं राहतो. कॅम्प्टोथेसिन घातलं तर यूव्हीखाली तुटलेल्या डीएनएचा पट्टा ठळक होतो, म्हणजे एन्झाईमनं कापलं पण त्याला परत जोडता येईना! टार्गेट कळल्यावर रेणूत बदल करायला दिशा मिळाली. 1996 ला टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन्हींना अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि 2019 ला आलेल्या ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकानमध्ये तर याच कुळातला रेणू अँटीबॉडीला बांधून ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशीपर्यंत नेतात. रेणू जुनाच, तपासायची रीत नवी, माझं म्हणणं एवढंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, एआय आलं की. आलंय, आणि मोठंच काम झालंय, प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या आल्फाफोल्ड या एआयसाठी 2024 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण गंमत बघा, कॅम्प्टोथेसिन नुसत्या एन्झाईमला नीट चिकटत नाही, नुसत्या डीएनएलाही नाही. एन्झाईमनं डीएनए कापलेला असतो त्या क्षणी दोघांच्या मधल्या फटीत जाऊन ते बसतं, म्हणजे एकट्या प्रोटीनचा आकार बघून हे सुचणं अवघड होतं. आल्फाफोल्ड 3 आता डीएनए आणि छोटे रेणू सोबत घेऊन अंदाज बांधतं, चांगलंच आहे, पण तो अंदाज खरा का ते बघायला कुणाला तरी तिन्ही एका ट्यूबमध्ये घालून जेल रन करावंच लागतं. आणि बऱ्याच कॉलेजांत हे प्रॅक्टिकल सर करतात आणि साठ पोरं मागनं माना उंचावून बघतात. इथं प्राध्यापक मंडळी बसलीत, त्यांना हात जोडून सांगतो, अगारोज कमी घाला, जेल छोटं ओता, पण पिपेट प्रत्येक पोराच्या हातात द्या.