आधी पडायला शिका

नमस्कार श्रोतेहो. कंटेम्पररी नृत्य शिकायचंय, पण शरीर लवचीक नाही, जमेल का? हमखास विचारला जाणारा प्रश्न. जमेल. सुरुवात जमिनीपासून करा, म्हणजे पडण्यापासून.

यावरून स्टीव्ह पॅक्स्टन यांचा किस्सा सांगायलाच हवा. हे अमेरिकन नर्तक, नावाजलेले नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यकंपनीत नाचलेले. जिम्नॅस्टिक्स केलेलं, आयकिडो ही जपानी युद्धकलाही शिकलेले. जानेवारी 1972 मध्ये ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात त्यांनी 11 विद्यार्थी घेतले आणि त्यांचा प्रयोग बसवला तो व्यायामाच्या मॅटवर. गिरक्या नाहीत, नजाकत नाही. मुलं एकमेकांवर झेपावतायत, आदळतायत, धपाधप पडतायत, लोळून पुन्हा उठतायत! आणि शेवट? सगळे नुसते उभे. शेवटची काही मिनिटं फक्त उभे. पॅक्स्टन या उभं राहण्याला 'छोटा नाच' म्हणत. डोळे मिटून, दोन पावलांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर ठेवून, गुडघे न ताणता उभे राहा. घोट्यापाशी शरीर आपोआप किंचित डोलत असतं. तोल सांभाळायची ती हालचाल म्हणजेच तो नाच. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका कलादालनात याचं पुढचं रूप लोकांसमोर आलं, आणि त्याला नाव मिळालं 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन', म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून, भार देत-घेत, आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं. आज कंटेम्पररीच्या कितीतरी वर्गांत ते शिकवतात. (केस मोकळे सोडून रडव्या गाण्यावर लोळलं की झालं कंटेम्पररी, असं मानणाऱ्यांना हा प्रयोग एकदा दाखवायला हवा!)

तर पडायचं कसं? लाकडी जमीन किंवा पातळ मॅट घ्या. जाड गादी नको, तिच्यात पाऊल रुततं आणि गुडघा पिळतो. पाय अनवाणी, मोजे घसरतात. पहिले चार-पाच वेळा उकिडवं बसूनच कडेला कलंडा, मग उभ्यानं. भार उजव्या पायावर घ्या. डावं पाऊल उजव्याच्या मागून सरकवा आणि उजवा गुडघा सावकाश वाकवा. आता जमिनीला टेकायचं ते या क्रमानं: डाव्या पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कुल्ल्याची कड. शेवटी डावा तळहात जमिनीवरून लांब सरकवत कुशीवर आडवं व्हायचं. पुन्हा सांगते: पोटरी, मांडी, कुल्ला, हात. गुडघ्याची वाटी नाही, माकडहाड नाही, कोपर नाही.

चूक होते ती श्वासात. पडताना माणूस श्वास रोखतो, खांदे आखडतात, हात ताठ होऊन खाली जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. म्हणून खाली जाताना श्वास सोडायचा. तोंडानं 'हाऽऽ' म्हणा, म्हणजे रोखताच येणार नाही. आणि आरसा झाका. आरशात बघायला मान वळते, ती वळली की पाठ पिळते.

उठताना उलट क्रम: हात जवळ ओढा, कुल्ल्यावर या, उजवं पाऊल जमिनीत रोवून वर या. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. एक बाजू हटकून अवघड जाते, तिच्यापासून सुरुवात करा. आणि शेवटी दोन मिनिटं तो छोटा नाच.