रशिया जुन्नरमार्गे

(रशियन अभ्यास केंद्राच्या सार्वजनिक कार्यक्रमात पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, संयोजकांनी मला विषय दिला, ‘विद्यापीठातलं रशियन केंद्र आणि शहर’. त्यातलं ‘आणि शहर’ नसतं तर मी आलो नसतो. केंद्राचं आतलं काम ठरलेलं आहे : सर्टिफिकेट, डिप्लोमा, सहा विभक्त्या, क्रियापदांचा छळ, परीक्षा. ते नीट चालावं, एवढंच म्हणतो. माझं बोलणं आहे ते सगळ्यांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमांबद्दल. तिथे आपलं एक ठरलेलं ताट आहे. सामोवार म्हणजे रशियन चहाचं भांडं, मात्र्योश्का म्हणजे एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, लोकनृत्य, पाहुण्यांचा सत्कार, शेवटी चहा-बिस्किटं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना विचारतात, ‘पण पुण्याला याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मॉस्कोत शोधायला नको, जुन्नरला सापडतं.

रशियातल्या त्व्येर गावचा अफानासी निकितीन नावाचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. काही अभ्यासक हे साल दोनेक वर्षं पुढे नेतात. काहीही धरलं तरी वास्को द गामा यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. निकितीनजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. चौलहून निघून, मुक्काम करत, घाट चढून तो जुन्नरला पोचला तेव्हा पाऊस लागला होता. आपल्या प्रवासाच्या वह्यांत तो लिहितो, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात, हेही त्याने टिपलंय. घोड्यांना इथे खिचडी शिजवून घालतात, हे पाहून तो चकित झाला. आणि त्याला पाहून लोक चकित होत होते. गोऱ्या माणसामागे गर्दी जमायची, असं तोच सांगतो.

तिथल्या असदखानाने त्याचा घोडा ओढून नेला. धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार सोन्याची नाणी. नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवसांची. खुरासानचा एक महंमद नावाचा माणूस मध्ये पडला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. निकितीन पुढे बिदरला गेला. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला, पण त्याच्या वह्या पोचल्या. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. जुन्नरला, जिथे त्याच्यावर खरा प्रसंग गुदरला, तिथे आपण कधी एकत्र बसून ही पानं वाचली का? श्रावणात शिवनेरीच्या पायथ्याशी, पायाला चिखल लागलेला असताना? माझ्या मते केंद्राचा पहिला सार्वजनिक कार्यक्रम हा असावा. बसचं भाडं आणि मराठीत नीट वाचणारा एक माणूस, एवढंच लागेल.

दुसरं ठिकाण तर चालत जाण्यासारखं. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग ज्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं चालला, ती फर्ग्युसन रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावरच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ धर्मानंद कोसंबी पाली शिकवत होते. गोव्यातून बौद्ध धर्माच्या ओढीने निघालेला हा माणूस १९२९ साली लेनिनग्राडला गेला. श्चेरबात्स्कींसारखे पंडित तिथे बौद्ध ग्रंथांवर काम करत होते. क्रांतीनंतरच्या त्या शहरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पुण्यातला हा माजी प्राध्यापक पाली शिकवत होता. रानड्यात रशियन शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मी हात वर करायला सांगत नाही, उगाच कोणाची पंचाईत नको.

अण्णाभाऊंचं नाव न घेता पुढे जाता येणार नाही. १९४३ साली स्टालिनग्राडवर पोवाडा रचणारा हा शाहीर १९६१ मध्ये प्रत्यक्ष रशियाला गेला आणि त्याने तो प्रवास लिहिला. २०२२ पासून मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा आहे. आपल्याकडे एक ऑगस्टला सारसबागेजवळच्या पुतळ्याशी गर्दी लोटते. त्या गर्दीला रशियन केंद्राच्या कार्यक्रमाचं निमंत्रण कधी गेलंय? माझ्या माहितीत नाही. निमंत्रणं जातात ती कोथरूड, डेक्कन, औंधमध्ये. फारच झालं तर बाणेरला.

उलट्या दिशेचंही थोडं सांगतो. तात्याना कातेनिना यांनी १९६३ मध्ये मराठीच्या व्याकरणावर रशियनमध्ये पुस्तक लिहिलं. मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा आणि आपल्या विद्यापीठातले राजेंद्र व्होरा यांनी मिळून महाराष्ट्रातल्या घर-कुटुंबावरचा इंग्रजी ग्रंथ संपादित केला, तो १९९९ मध्ये आला. म्हणजे तिकडचे लोक मराठी शिकून आपल्याबद्दल लिहीत होते, आणि आपण इथे पुष्किनच्या जयंतीची पत्रिकासुद्धा इंग्रजीत छापतो.

म्हणून माझा आग्रह एकच : दार उघडाल तेव्हा मराठीत उघडा. नोकरीसाठी रशियन शिकणारे येतीलच. १९९७ मध्ये पहिली रशियन बनावटीची सुखोई लढाऊ विमानं लोहगावच्या हवाई तळावर आली, तेव्हापासून तांत्रिक भाषांतराचं महत्त्व पुण्याला सांगावं लागत नाही. डॉक्टर व्हायला रशियाला निघालेली मुलंही येतील. पण ज्याला एकही विभक्ती शिकायची नाही, त्या निवृत्त पोस्टमास्तरांसाठी काय आहे? पुलंचं ‘अंमलदार’ त्यांनी पाहिलेलं असतं. ते मूळचं रशियन लेखक गोगोलचं, एवढं सांगून मूळ नाटकातला एक प्रवेश आणि पुलंचा तोच प्रवेश शेजारी-शेजारी वाचून दाखवा. खुर्च्या कमी पडतील. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म संग्रहालय आहे, तिथे सोव्हिएत चित्रपट दाखवा आणि आधी दहा मिनिटं मराठीत बोला. दहा म्हणजे दहाच. आपल्याकडे प्रास्ताविकं चित्रपटापेक्षा लांबतात.

जाता जाता एक विनंती. अनेकांच्या माळ्यावर मॉस्कोत छापलेली मराठी बालपुस्तकं आहेत, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. ती केंद्राला देताना पहिलं पान फाडू नका, खोडलेलं नावही राहू द्या. कुणी, कुठल्या गावच्या प्रदर्शनात, किती पैशांना घेतलं, हे आठवत असेल तर आत चिठ्ठी ठेवा. पुस्तकं शनिवारी सकाळी आणा, तेव्हा नोंद करायला विद्यार्थी बसलेले असतील.