अकरानंतरचं लिटल रॉक

मंडळी, 'रेडिओचं वेड' हा विषय जाहीर झाल्यावर तुमच्यातले निम्मे लोक सिलोनच्या आठवणी ऐकायला आले असणार. सिलोनकडे मी येणार आहे, पण वाट जरा लांबून आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातून निघून क्युबाला वळसा घालून यायचं आहे.

लिटल रॉक ही आर्कान्साची राजधानी. तिथलं एक जुनं स्टेशन १९६२ मध्ये केएएवाय या नव्या नावानं बोलायला लागलं. मध्यम लहरी, १०९० किलोहर्ट्झ, शक्ती ५० किलोवॅट. अमेरिकेत एएम, म्हणजे मध्यम लहरींच्या, स्टेशनाला याहून जास्त शक्तीची परवानगीच नसते. दिवसभर तीन-तीन मिनिटांची लोकप्रिय गाणी, जाहिराती, बातम्या, म्हणजे चारचौघांसारखं स्टेशन. १९६६ पासून मात्र रात्री अकरानंतर तिथे 'बीकर स्ट्रीट' नावाचा एक कार्यक्रम लागू लागला, आणि आपली गोष्ट त्याचीच आहे.

त्याचा जन्म काटकसरीतून झाला. एवढ्या मोठ्या ट्रान्समीटरजवळ रात्री परवानाधारक इंजिनिअर हजर असलाच पाहिजे, असा नियम होता. मग शहरातल्या स्टुडिओत वेगळा निवेदक कशाला पोसायचा? इंजिनिअरलाच माइक द्या! तर हा क्लाइड क्लिफर्ड (हे त्याचं माइकपुरतं नाव) शहराबाहेर राइट्सव्हिलला, यंत्रांच्या शेजारी बसून बोलायचा. आता त्या यंत्रांची घरघर माइकमध्ये यायची. ती झाकायला तो बोलताना मागे एक विचित्र, अंतराळातून आल्यासारखं संगीत सोडून द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय कल्पक माणूस आहे! आणि गाणी कुठली, तर दिवसा कोणी लावणार नाही अशी. रॉक बदलत होतं, एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खात होतं. क्लिफर्ड ते पुरतं वाजू द्यायचा. आज आपण ज्याला क्लासिक रॉक म्हणतो, ते तेव्हा कोरं करकरीत होतं.

आता क्युबा. लिटल रॉकपासून क्युबाची राजधानी हवाना साधारण सोळाशे किलोमीटर. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर, त्याला डी थर म्हणतात, मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वर जातात आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. दिवसा हवानातल्या पोरांना मायामीचं डब्ल्यूक्यूएएम मिळायचं, कारण मधे समुद्र आहे आणि खाऱ्या पाण्यावरून या लहरी छान सरकतात. पण मायामी म्हणजे हिट गाण्यांचा रतीब. खरा माल रात्री, आर्कान्साहून.

तेव्हा क्युबाच्या सरकारी रेडिओवर इंग्रजी रॉकला थारा नव्हता. लांब केस, तंग पँट म्हणजे शत्रूच्या संस्कृतीची लागण. तेव्हा मध्यरात्रीनंतर, घरातले झोपल्यावर, आवाज बारीक करून सेट लावायचा. लावायचा म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागेल. नुसतं बटण दाबून भागत नाही. ट्रान्झिस्टरमध्ये आडवी फेराइटची कांडी असते, तीच अँटेना. कांडीची लांब बाजू स्टेशनकडे असेल तर आवाज भरतो, टोक स्टेशनकडे झालं की मरतो. म्हणून सेट टेबलावर बोटभर बोटभर फिरवायचा, शेजारचं बलदंड स्थानिक स्टेशन कांडीच्या टोकाशी आणायचं, म्हणजे ते दबतं आणि त्याच्या मागून लिटल रॉक वर येतं. मग काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. एवढं करून गिटारचा तुकडा ऐन रंगात आला, की लहरी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींना मारतात आणि आवाज बुडतो. पाच सेकंद, दहा सेकंद. हात लावायचा नाही, थांबायचं. परत येतो. मला विचाराल तर त्या बुडालेल्या दहा सेकंदांनीच माणसं स्टेशनला बांधली गेली. जे गाणं हातातून निसटू शकतं, ते माणूस श्वास रोखून ऐकतो.

यातली गंमत पाहा. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच उभा राहिला, तेव्हा अमेरिकी सरकारनं काही खाजगी स्टेशनांवरून क्युबासाठी स्पॅनिशमध्ये प्रसारण केलं. त्यात हेच केएएवाय होतं. क्युबन माणसाचं मन वळवायचं, हा सरळ हेतू. पेच सुटला, प्रसारण संपलं. चार वर्षांनी त्याच मनोऱ्यावरून एक इंजिनिअर आपल्या आवडीची गाणी लावतो, क्युबाचं नावही घेत नाही, आणि हवानातली पोरं त्याच्यासाठी झोपमोड करून घेतात. दोन्ही देशांमध्ये थेट टपालसेवा बंद, तेव्हा 'तुमचा कार्यक्रम ऐकला' असं पत्र घालायचं तर तेही तिसऱ्या देशातून फिरून जायचं. एकतर्फी प्रेमाचा इतका शुद्ध नमुना मला दुसरा माहीत नाही.

आणि आता सिलोन, कारण आपलंही तसंच झालं. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या केसकरांनी, म्हणजे आपल्याच बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी, आकाशवाणीवरून फिल्मी गाणी हद्दपार केली. लोक कुठे गेले? कोलंबोला. तिथला शक्तिशाली लघुलहरी ट्रान्समीटर दुसऱ्या महायुद्धात लष्करी प्रसारणासाठी आलेला होता. माउंटबॅटनच्या सैनिकांसाठीची सोय बुधवारी रात्री गीतमालेच्या कामी आली. फरक एवढाच, की आपल्या सरकारनं १९५७ मध्ये विविध भारती काढून माघार घेतली. क्युबाला वेळ लागला. हवानाच्या बागेत जॉन लेननच्या पुतळ्याचं अनावरण खुद्द फिडेल कॅस्ट्रोंनी केलं, ते ८ डिसेंबर २००० ला, म्हणजे लेननच्या हत्येला वीस वर्षं झाल्यावर. तोवर रात्री सेट फिरवणारी पोरं पन्नाशीला टेकली होती. पुतळ्याचा चष्मा इतक्यांदा चोरीला गेला की त्यासाठी राखणदार नेमावा लागला, ते वेगळंच!

केएएवायवरचा बीकर स्ट्रीट १९७२ च्या सुमारास बंद पडला. १९८५ मध्ये त्या स्टेशननं रॉकच सोडलं आणि धार्मिक प्रवचनं सुरू केली. क्लिफर्ड पुढे एफएमवर परतला, तोच कार्यक्रम, तेच मागचं विचित्र संगीत घेऊन, आणि २०११ पर्यंत टिकला. आवाज आता काचेसारखा स्वच्छ होता. पण एफएमच्या लहरी वरून परतत नाहीत, क्षितिजापाशी थोड्या पुढेमागे संपतात. हवाना सोडाच, आर्कान्साच्या चारी कोपऱ्यांपर्यंतही त्या पोचत नव्हत्या.